एका डिस्कवर तिघं

४ सप्टेंबर, बुधवार

आज क्लासला शिकवायला जायच्या आधी घरच्या कॉम्प्युटरचं बूट पार्टिशन साफ केलं. बरेच दिवस अपडेट अडकलं होतं. दर वेळी एकच रड, जागा शिल्लक नाही. बूट पार्टिशन म्हणजे डिस्कच्या तोंडाशी ठेवलेला छोटा कप्पा. मशीन चालू झालं की आधी तिथल्या फायली उचलतं, त्यातला कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा जागा होतो आणि मग बाकीचं सगळं उभं राहतं. मी माझ्या सिस्टिमला विचारलं, तुझे कर्नल कोणते? तिने यादी दिली. यादीत नसलेलं जे काही कप्प्यात होतं, ते बेवारस समजून उडवलं. अपडेट झालं. इतकं हलकं वाटलं, जसं माळा आवरल्यावर वाटतं.

आमच्या या एकाच मशीनवर तिघं नांदतो, ज्याची त्याची सिस्टिम वेगळी. बाबांची जुनी विंडोज, कारण पाट्यांची अक्षरं कापणारं त्यांचं यंत्र दुसऱ्या कुणाला ओळखच देत नाही. माझी लिनक्स. आणि आत्याची लिनक्स, जी पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवते. आत्याला आता अजिबात दिसत नाही. चाळिशीनंतर नजर हळूहळू गेली, तोवर ती एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. त्या वाचणाऱ्या आवाजाचं नाव तिने नकटी ठेवलंय, कारण तो नाकात बोलतो.

मशीन चालू केलं की तिघांचा मेनू येतो. तो मुका असतो, कारण नकटी तोवर जागी झालेली नसते. आत्या दोनदा खालचा बाण दाबते आणि एंटर मारते. तिची ओळ तिसरी.

सध्या तिला खरं काम मिळालंय. एक संस्था कारखान्यांतल्या निवृत्त कामगारांच्या आठवणी रेकॉर्ड करते, आत्या त्या ऐकून टाइप करते. ही पहिली खेप चाचणीची. सोमवारी द्यायची. पसंत पडली तर पुढचं सगळं काम तिचं. मी विचारलं, "संस्थेच्या संपादकबाईंना सांगितलंयस ना, तुला दिसत नाही ते?"

"त्यांना माझा आवाज माहीत आहे आणि माझं टायपिंग. तेवढ्यावर भागतंय."

आपल्या समाजाने माणसांना स्वतःबद्दल लाज वाटायला लावली आहे. तिला यातून बाहेर काढायला हवं.

५ सप्टेंबर, गुरुवार

करायला गेले एक.

दुपारी क्लासमधून आले तर आत्या आणि आई मशीनसमोर शेजारी शेजारी बसलेल्या. आत्याने सकाळीच मशीन लावलं होतं. नकटी बोलेना. मशीनला वेळ लागत असेल म्हणून ती हात मांडीवर ठेवून थांबून राहिली. आई केर काढत आत आली तेव्हा म्हणाली, "ताई, काळ्यावर पांढरं काहीतरी लिहिलंय."

आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण आत्याला अक्षरं पाठ आहेत. मग आईने एकेक अक्षराचं रूप सांगायचं आणि आत्याने ते ओळखायचं, असा दोघींचा उद्योग चालला होता.

"हे डोकं वाकवलेली काठी. कमरेला आडवी रेघ."

"एफ."

"ह्याच्या डोक्यावर टिकली."

"आय."

"ही नुसतीच काठी. अंगावर काही नाही बिचारीच्या."

मी येईपर्यंत त्यांनी सगळं वाक्य सोडवलं होतं. आत्या म्हणाली, "फाइल सापडत नाही म्हणतंय. तू काही हलवलंस का गं?"

दोन्ही लिनक्सना बूट पार्टिशन मीच एकत्र दिलं होतं. डिस्क लहान, शिवाय आमच्या घरात कंगवासुद्धा एकच, मग हे वेगळं कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. वाटून घेण्यावर माझा विश्वास आहे. काल बेवारस म्हणून जे उडवलं ते आत्याचे कर्नल होते. माझ्या सिस्टिमच्या यादीत ते असतील कसे?

सांगितलं तिला. ती म्हणाली, "माझं टाइप केलेलं आहे ना?"

"ते आहे. तो कप्पा वेगळा. फक्त तिथपर्यंत जाता येत नाही."

"मग दार काढ शोधून. सोमवार आहे."

बाबा दारातून म्हणाले, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." कुणी हसलं नाही. आत्या हसली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, आत्याच्या सिस्टिममध्ये बाहेरून शिरले, कर्नल नव्याने बसवला. सगळं झालं म्हणून मशीनने सांगितलं. पुन्हा चालू केलं, तर तेच. काठ्या आणि टिकल्या.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. क्लासला उशीर झाला. तिथे मुलांना फोल्डर म्हणजे काय ते शिकवताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी माझ्या नावाची पाटी स्वतः रंगवून दाराला लावली आहे. रोज तिच्याखालून आत येते. आज मान वर केली नाही.

आत्या दिवसभर कानाला हेडफोन लावून मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकत राहिली आणि बोटं मांडीवर टाइप करत होती.

मी म्हटलं, "तू बोल, मी क्लासच्या मशीनवर लिहून काढते."

"मग ते तुझं काम होईल."

"कुणाला कळणार आहे?"

"मला."

७ सप्टेंबर, शनिवार

अजून मशीन उठलेलं नाही. पण आज एक चांगली गोष्ट केली. क्लासच्या मधल्या सुट्टीत मीच संपादकबाईंना फोन लावला. नंबर आत्याच्या मोबाइलमधून काल घेऊन ठेवला होता. सरळ सांगितलं: माझी आत्या पूर्ण अंध आहे, तरीही जिद्दीने हे काम करते, मशीन माझ्या चुकीने बंद पडलंय, तिला थोडे दिवस वाढवून द्या.

बाई म्हणाल्या, "अरे देवा. आम्हाला कल्पनाच नव्हती. त्यांना सांगा, अजिबात घाई नाही. अजिबातच नाही." त्यांचा आवाज भरून आला होता. जगात चांगली माणसं असतात, फक्त कुणीतरी बोलायला हवं.

आत्याला एवढंच सांगितलं की सोमवारची काळजी करू नकोस. ती म्हणाली, "का? सोमवार पुढे ढकललास?" मी हसून वेळ मारून नेली. मशीन सुरू झालं की सगळं एकदमच सांगेन. तेवढीच गंमत.

८ सप्टेंबर, रविवार

सापडलं. सकाळी दात घासता घासता सापडलं. आत्याच्या सिस्टिममध्ये शिरताना मी बूट पार्टिशन जोडायलाच विसरत होते. त्यामुळे नवा कर्नल दर वेळी सामायिक कप्प्यात न जाता आत्याच्याच जागेत, त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन बसत होता. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याने बसवला होता. मी भलतीकडे शोधत होते.

जोडलं, बसवलं, मेनू नव्याने बनवला. नकटी बोलली. आत्याने खुर्ची पुढे ओढली आणि कुणाशी न बोलता कामाला लागली. तिची बोटं अशी चालतात की आई म्हणते, ताई टाइप नाही करत, तांदूळ निवडतात. रविवारचा पूर्ण दिवस हातात होता. होत आलं होतं तिचं.

अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला, हात मोकळे राहावेत म्हणून. संपादकबाई होत्या.

"ताई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? आम्ही तुम्हाला एवढं अवघड दिलंच नसतं. ते कारखान्याचं मी दुसऱ्यांना दिलंय, त्याचं मुळीच ओझं घेऊ नका. तुमच्यासाठी सोपं पाठवते. मुलांचं आहे, अगदी स्वच्छ. सावकाश करा, जमेल तेव्हा द्या."

आत्याची बोटं कळांवर तशीच थांबली. "हं," ती म्हणाली. मग "बरं." मग "आभारी आहे."

फोन ठेवल्यावर आत्याने विचारलं, "त्यांना फोन तू केलास?"

"हो. आत्या, खरं सांगण्यात काय चूक आहे? त्या किती चांगल्या वागल्या बघ."

"खरंच आहे ते. पण माझं होतं गं."

तिने फाइल बंद केली. नकटीने विचारलं, बदल जतन करायचे का. तिने हो दाबलं आणि मशीनही बंद केलं.

११ सप्टेंबर, बुधवार

मुलांची रेकॉर्डिंग आली. शाळेतल्या कविता. प्रत्येक शब्द सुटा. आत्याने एका बैठकीत संपवली आणि पाठवून दिली. उत्तर आलं, नकटीने वाचलं: वा, किती सुंदर, एवढ्या लवकर, तुमचं खूप कौतुक वाटतं. मी टाळ्या वाजवल्या.

आत्या म्हणाली, "यात एक चूक मुद्दाम ठेवली होती. एक आख्खी ओळ गाळली होती. बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

माझ्याशी ती नीटच बोलते. पाणी दे, दार लाव, फोन कुणाचा होता. त्यानेच जास्त लागतं. रागावली असती तर मी माझी बाजू मांडली असती. आईला विचारलं, मी काय चुकीचं केलं? आई म्हणाली, "तुझं लग्न ठरवायला मी तुझ्या क्लासच्या सरांना परस्पर फोन केला तर?"

"ते वेगळं."

"बरं," आई म्हणाली. मला तरी ते वेगळंच वाटतं. मी तर तिच्या बाजूने बोलले होते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

कशात लक्ष नाही. क्लासमध्ये एका बाईंचं पत्र चुकून पुसलं. घरी मशीन लावलं आणि नुसती मेनूकडे बघत बसले. काही करावंसं वाटत होतं, पण हात लावायचीही भीती.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज आत्याने संपादकबाईंना स्वतः फोन केला. मला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. तिने ऑपरेटरचा आवाज लावला होता. तो आवाज मी लहानपणी ऐकलाय. गोड, पण त्याच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

"मुदत मी मागितली नव्हती. माझ्या भाचीने मागितली. पोरीचा जीव आहे माझ्यावर, म्हणून जरा वाहवत जाते." मग, "नाही, मला वाईट नाही वाटलं. वाईट तुम्हाला वाटलं, तिथेच घोळ झाला." मग बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "असं करा. तुमच्याकडे सगळ्यात खराब असं कुठलं रेकॉर्डिंग असेल, ज्याला कुणी हात लावत नाही, ते मला द्या. दिवस इतरांना देता तेवढेच. वेळेत आलं नाही तर पुन्हा देऊ नका. चुका असतील तर इतरांना पाठवता तशा लाल करून पाठवा. ... हो, लाल. नकटी वाचेल मला. ... नकटी म्हणजे, ते जाऊ द्या."

मिळालं. भट्टीवर काम केलेला एक माणूस, मागे पंख्याचा घरघराट, वर त्याचा दम्याचा श्वास. पुढच्या शनिवारी द्यायचं. हे जमलं तर कारखान्याचं सगळं काम तिच्याकडे परत, नाहीतर कायमची मुलांची कवितावाली.

मी ऐकून बघितलं. चार वाक्यंसुद्धा कळली नाहीत. एवढं अवघड कशाला मागावं माणसाने?

१५ सप्टेंबर, रविवार

आजच नेमका घोटाळा. आत्याने सकाळी मशीन लावलं, दोनदा खाली, एंटर. नकटी गप्प. आत्या बाबांच्या विंडोजमध्ये शिरली होती. गेल्या रविवारी मेनू नव्याने बनवला तेव्हा ओळींचा क्रम बदलला. मला दिसत होतं, म्हणून माझं काही अडलं नाही. मेनू आला की मी तिची ओळ निवडूनच तिला खुर्ची देत होते, त्यामुळे तिलाही कळलं नाही. आज मी अंघोळीला गेले होते.

बाबा म्हणाले, "ताईचं पहिलं ठेव. नुसतं बटण दाबलं की तिचं सुरू. मला डोळे आहेत, मी जाईन खाली."

आत्या म्हणाली, "मला पहिलं नको."

"अगं, सोपं पडेल."

"आता तूही सोपं देणार का मला? पहिलं नको. मला माझं सापडेल असं हवं."

हे काय असतं ते मला नीट कळलं नाही, पण करायला काहीतरी मिळालं. मशीनच्या पोटात एक जुना भोंगा असतो, नकटी जागी व्हायच्या आधीही तो वाजू शकतो. मेनू आला की एक टूं. आत्याच्या ओळीला एक ठरलेली कळ दिली, क्रम कसाही बदलो. ती कळ दाबली की दोन सूर, खालचा मग वरचा. आत्याने पुन्हा पुन्हा मशीन बंद-चालू करून बघितलं.

"वरचा सूर जरा लांबव. लाइन लागली असं वाटलं पाहिजे."

लांबवला.

"माझ्यासाठी काही वाजवू नका," बाबा म्हणाले. "माझी पाटी मुकीच बरी."

१७ सप्टेंबर, मंगळवार

आत्याने टाइप करता करता विचारलं, "माझ्या बूटच्या फायली अजून त्या सामायिक कप्प्यातच आहेत का?"

"हो. पण आता मी जपून—"

"तू जपूनच करतेस गं. वेगळ्या कर."

तिने आणि आईने चहाला सुट्टी घेतली तेवढ्यात केलं. तिची सिस्टिम आता सामायिक कप्प्याला हात लावत नाही, कर्नल तिच्या स्वतःच्या जागेत राहतो. म्हणजे त्या शुक्रवारी मी विसरून जिथे टाकत होते तिथेच. बाबा म्हणाले, "ताई वेगळी निघाली म्हणायची." आत्या म्हणाली, "घर तेच आहे रे. माझी चावी माझ्याकडे, एवढंच."

मग तिने माझ्याकडून अपडेट कसं करायचं ते विचारून घेतलं. जागा किती उरली ते नकटी वाचते, जुने कर्नल कोणते तेही वाचते. पुसायच्या आधी नाव दोनदा ऐकायचं, हा नियम तिने स्वतःच काढला. मला उद्देशून नाही काढला, पण मला लागला.

२० सप्टेंबर, शुक्रवार

क्लासमधून आल्यावर आत्याच्या सिस्टिमवर एक नजर टाकावी म्हणून बसले. उद्या द्यायचंय, आज काही बिघडू नये. पासवर्ड चालेना. आत्याने बदललाय.

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"मी फक्त बघणार होते. आणि पाठवायच्या आधी एकदा वाचून दिलं असतं, नजरेखालून घातलं असतं."

"माहीत आहे." तिने माझा हात शोधून हातात घेतला. "म्हणूनच बदलला."

रडू आलं. तिच्या समोर रडले तरी तिला दिसणार नाही, असा विचार मनात आला आणि त्याची लाज वाटली. ती म्हणाली, "नाक पूस. रुमाल तिथे कपाटावर आहे." दिसत नाही म्हणजे कळत नाही असं थोडंच आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

दुपारी पाठवलं तिने. मी विचारलं, झालं का सगळं? म्हणाली, एका जागी अडले होते, पण ठेवलं तसंच. काय ते सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत करत राहिले. आत्या गाढ झोपली होती.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज उत्तर आलं. आत्याने मला हाक मारली नाही, पण नकटीचा आवाज घरभर जातो. संपादकबाईंनी लिहिलं होतं: दोन चुका आहेत. एका जागी माणसाचं वाक्य अर्धवट सोडलंय, ते पुन्हा ऐका. दुसऱ्या जागी विनाकारण मोकळी ओळ आहे, ती काढा. दुरुस्त करून उद्या पाठवा, पुढचं रेकॉर्डिंग त्यानंतरच देता येईल. बास. कौतुक नाही, सावकाश नाही, तब्येत सांभाळा नाही.

मला फार कोरडं वाटलं. एवढ्या घरघराटातून तिने ते सगळं काढलं आणि या बाई मोकळी ओळ मोजतायत. आत गेले तर आत्या तोच निरोप पुन्हा लावत होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, "चुका काढल्यात ना त्यांनी? मग हसताय काय ताई?"

"लाल करून काढल्यात," आत्या म्हणाली.

मी म्हटलं, "मला दाखवलं असतंस तर ती ओळ मी काढली असती."

"हो," ती म्हणाली. "काढली असतीस."

पहिली चूक तिने लगेच दुरुस्त केली. मग फोन लावला, या वेळी स्पीकरवर नाही. मी चहा घेऊन आत आले, तर तिचा आवाज चढला होता.

"पहिलं बरोबर, माझंच चुकलं. ओळ मात्र तशीच राहील. तिथे तो माणूस त्याच्या भावाबद्दल बोलताना थांबलाय. ... थांबलाय म्हणजे गप्प बसलाय. पंखा चालू आहे आणि तो बसलाय. ऐका ना तुम्ही. ... तुमचा नियम असेल, पण तो गप्प आहे, त्याला मी पुढच्या वाक्याला कशी चिकटवू?"

पलीकडून बाईही काहीतरी जोरात बोलत होत्या. मुळीच जपून बोलत नव्हत्या. आत्या मध्येच तोडून म्हणाली, "तुम्ही बत्तीस वर्षं संपादन केलं असेल, मी माणसं थांबतात कशी ते एकवीस वर्षं टेलिफोनवर ऐकलंय." आणि हसली. पलीकडेही कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, की खोकलं, पण भांडण थांबलं नाही.

चहा तिच्या उजव्या हाताशी ठेवला. तिने मला हाताने बाहेर जायची खूण केली, कामात असलेला माणूस करतो तशी. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.